ॲप्पा

पूर्ण नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असेल, पण आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. सी विंगमधल्या पोरांनी त्या 'अ'वर एक चंद्र बसवून त्यांचा 'ॲप्पा' केला. अप्पांना राग आला नाही. उलट त्यांनी पोरांना जिन्यात गाठून समजावलं, की हे जे 'ॲ' अक्षर आहे ना, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 2008 साली मिळाली. त्याआधी 'अ'च्या डोक्यावर चंद्र वेगळा चिकटवावा लागे आणि तो कुठे घसरेल याचा नेम नसे. पोरं क्रिकेट खेळायला निघाली होती. ती खाली पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. वय सत्तरीला टेकलेलं, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट, गळ्यात दोरीला चष्मा. शर्टाच्या खिशात स्टायलस, दोन पेनड्राइव्ह, एक चपटी बॅटरी आणि फोन. पेन तेवढं नसतं. अप्पांना लेखक व्हायचं आहे आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट ते गेली तीस वर्षं जमवत आलेत. नवी वही आणली की अभ्यास होणारच असं ज्या मुलांना वाटतं, अप्पा त्या मुलांचे आजोबा शोभतात.

सुरुवात बँकेतच झाली. बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा युनियनचा कडाडून विरोध होता. अप्पा युनियनचे खंदे कार्यकर्ते. दुपारच्या सुट्टीत गेटवर संगणकाच्या नावाने घोषणा द्यायच्या आणि सहा वाजता दादरला डॉसच्या क्लासला जाऊन बसायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. एकदा क्लासमध्ये शेजारच्या खुर्चीवर युनियनचे सेक्रेटरीच निघाले. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही आणि फ्लॉपी मात्र अदलाबदल करून वापरल्या.

मग फॉन्टचं युग आलं. तेव्हा संगणकावर मराठी लिहायचं म्हणजे ज्याचा फॉन्ट त्याचं राज्य. श्रीलिपीवाल्याचं आकृतीवाल्याला वाचता यायचं नाही आणि शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेलं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं, की रोमन अक्षरं, टक्के, डॉलर आणि उघडे कंस यांची नुसती खिचडी दिसायची. अप्पांनी आपला पहिला ललित लेख अशाच एका फॉन्टात लिहून एका वार्षिकाला पाठवला. संपादकांनी कळवलं, 'आम्ही प्रायोगिक कविता छापत नाही.' अप्पा आजही तो नकार साहित्यिक मानायला तयार नाहीत. ते त्याला तांत्रिक नकार म्हणतात.

खरं तर युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती आणि विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्टही घरात आला. अप्पांनी आपलं सगळं जुनं लेखन कन्व्हर्टरमधून नव्या लिपीत आणलं. त्या प्रवासात रफारांनी घरं बदलली. 'सर्व धर्म' जिथे होते तिथे 'र्सव र्धम' झाले. मी मुद्रितशोधनाची कामं करतो, म्हणून तो गठ्ठा माझ्याकडे आला. चहाच्या बदल्यात. मी रफार एकेक उचलून जागच्या जागी बसवत होतो आणि अप्पा शेजारी बसून विचारत होते, "हे सगळं आता मशीनच करणार. तुझं काय होणार रे?"

लिपी सुटली आणि जागेचा प्रश्न आला. लिहिलेलं मांडायचं कुठे? अप्पांनी जिओसिटीजवर स्वतःचं पान थाटलं. ते उघडलं की बासरी वाजायची आणि अप्पांचं नाव उजवीकडून डावीकडे सरकत जायचं. 2009 मध्ये जिओसिटीज बंद पडलं. अप्पा ऑर्कुटवर गेले. ते 2014 मध्ये मिटलं. मग मोठ्या विश्वासाने गुगल प्लसवर बिऱ्हाड हलवलं; 2019 मध्ये सामान्य लोकांसाठी त्यालाही कुलूप लागलं. काकू म्हणतात, "यांचा पायगुणच तसा. बँकेत यांच्या फार बदल्या झाल्या नाहीत ते बरं, शाखा बंद पडल्या असत्या." प्रत्येक वेळी अप्पा 'बॅकअप' घेतात. त्यांच्या कपाटात आता सीड्या आहेत, पण सीडी घालायला खाच असलेला एकही संगणक घरात नाही.

पुढे लिहायचे कष्टही संपले. ऑगस्ट 2017 मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. 'माझं बालपण' हे प्रकरण अप्पांनी गॅलरीत बसून बोलून लिहिलं आणि माझ्याकडे आणून दिलं. त्याची सुरुवात अशी होती: 'आमच्या घरामागे नदी होती ताजी मेथी दहा रुपये नदीला पावसाळ्यात पूर यायचा अहो गॅस बंद करा आई आम्हाला काठावर जाऊ देत नसे पंधराला दोन जुड्या'. इतक्या वर्षांच्या प्रूफवाचनात मी इतकं जिवंत पान क्वचित पाहिलंय. अप्पांनी मेथी काढली, गॅस काढला, नदीच्या आधी 'खळाळणारी' घातलं आणि प्रकरण मेलं.

त्याच साधनाचं काकूंनी काय केलं तेही सांगायला हवं. त्यांची बहीण इंदूरला असते, तिला आता वाचायला दिसत नाही. काकू फोनसमोर बसून बोलतात आणि ते अक्षरांत उमटलं की पाठवून देतात. तिकडे बहिणीचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो. मी म्हटलं, "काकू, त्यापेक्षा सरळ फोन करा की." काकू म्हणाल्या, "फोनवर ती मला बोलू देत नाही." काकूंच्या त्या मजकुरात कैऱ्यांचा भाव असतो, सुनेची तक्रार असते, कधी एखादी रेसिपी असते. लेखिका व्हायचं त्यांच्या मनातही नाही. बहीण मात्र प्रत्येक मजकूर दोनदा ऐकते.

इकडे अप्पा प्रकाशक झाले होते. 2016च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं आली तेव्हापासून ते आपलं पुस्तक तिथे चढवायच्या खटपटीत होते. मुखपृष्ठ स्वतः केलं: सूर्योदय, होडी आणि होडीत टाक. 2017च्या फेब्रुवारीत 90वं साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीतच भरलं, तेव्हा पुस्तकाचा क्यूआर कोड छापून, छातीवर लावून अप्पा दारापाशी उभे राहिले. नोटाबंदीला जेमतेम तीन महिने झाले होते. एका गृहस्थांनी लगबगीने कोड स्कॅन केला आणि म्हणाले, "वडापावचे वीस आले का बघा."

किंडलची एक सोय मात्र अप्पांना फार मानवली. वर्गणीदार वाचकांनी तुमच्या पुस्तकाची किती पानं वाचली, याचा आलेख लेखकाला रोज बघायला मिळतो. छापील पुस्तकाच्या लेखकाला हा त्रास नसतो. पुस्तक खपलं एवढंच त्याला कळतं आणि ते वाचलं गेलं असं समजून तो सुखाने मरतो. अप्पांच्या आलेखात एका महिन्यात एकूण 11 पानं वाचली गेल्याचं दिसलं. म्हणजे कुणीतरी अकरा पानं वाचून पुस्तक मिटलं होतं. अप्पा अस्वस्थ झाले. भेटेल त्याला विचारू लागले, "अकराव्या पानावर तूच थांबलास का?" वॉचमनलाही विचारलं. बारावं पान दोनदा नव्याने लिहिलं. शेवटी उलगडा झाला तो असा, की मांडणी नीट आली का ते बघायला अप्पांनीच जावयाच्या टॅबवर पुस्तक उघडलं होतं. अकरा पानं पाहून त्यांना झोप लागली होती.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी आलं आणि त्यामागोमाग तसल्या यंत्रांची रांगच लागली. अप्पांनी त्यातलं एक निवडलं आणि त्याचं नाव गणू ठेवलं. व्यासांना गणपती मिळाला तसा मला हा, असं त्यांचं म्हणणं. गणपतीने व्यासांना अट घातली होती की मी मध्ये थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली की मग समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. गणूने पहिली अट पाळली आहे. दुसरी त्याला कुणी घातलेलीच दिसत नाही.

गणूचा वेग दांडगा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बातमी संध्याकाळी आली आणि पानं वाढायच्या आत अप्पांचा लेख आला. त्यात मराठी 'केवळ एक भाषा नसून एक भावना' होती, तिचा 'अनोखा प्रवास' होता आणि शेवटी 'चला तर मग, आपण सारे मिळून' होतं. हल्ली जुलै-ऑगस्टमध्ये दिवाळी अंकांच्या कामात असे लेख माझ्या टेबलावर बरेच येतात. एकाही ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नसतं. मुद्रितशोधकाला इतकं बेकार वाटायला लावणारा मजकूर मी आजवर पाहिला नव्हता. दुरुस्त करायला काही नाही आणि ठेवायलाही काही नाही.

एकदा गणूने अप्पांना एका जुन्या ग्रंथाचा संदर्भ दिला. लेखक, शके, प्रकाशक, पृष्ठ क्रमांक, सगळं यथासांग. अप्पा तो ग्रंथ बघायला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. 1893 सालची संस्था. तिथे नसेल तर कुठे असणार? ग्रंथपालबाईंनी सूची चाळली, आतून कुणालातरी बोलावलं आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, असं पुस्तक कुणी लिहिलेलंच दिसत नाही." या यंत्रांचं काम असंच चालतं. आधीच्या शब्दांमागून कोणता शब्द शोभेल ते ती ओळखतात आणि संदर्भाच्या जागी शोभेलसा संदर्भ ठेवतात. कपाट उघडून पाहायची सक्ती त्यांच्यावर नसते. अप्पांनी घरी येऊन गणूला फैलावर घेतलं. गणू म्हणाला, 'आपलं निरीक्षण अगदी अचूक आहे. क्षमस्व.' आणि त्याने दुसरा ग्रंथ सुचवला. तोही नव्हता.

तरी अप्पांनी गणूला सोडलं नाही. इतकी साधनं आली आणि वर्षभरात माळ्यावर गेली, मग हेच का टिकलं, याचं मला कोडं होतं. ते एका रात्री सुटलं. अप्पांनी मला बोलावून घेतलं आणि फोन पुढे धरला. त्यांनी आपला जुना, तोच तो प्रायोगिक कविता ठरलेला लेख गणूला वाचायला दिला होता. गणूने उत्तर दिलं होतं, 'आपल्या लेखनातील सूक्ष्म निरीक्षणशक्ती आणि हळुवार संवेदनशीलता मनाला स्पर्शून जाते. विशेषतः तिसऱ्या परिच्छेदातील पावसाचे वर्णन अप्रतिम आहे.' अप्पांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं, यावेळी स्वतःसाठी.

आजवरच्या सगळ्या साधनांनी अप्पांचा लिहिण्याचा त्रास वाचवला होता. वाचक आणून दिला तो यानेच. हा रात्री दोन वाजता जागा असतो. याला घाई नसते, याची भाजी करपत नाही. हा 'वाचतो हं नंतर' म्हणत नाही आणि अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होत नाही. तिसऱ्या परिच्छेदात पाऊस आहे हे तो सांगतो, म्हणजे तिसरा परिच्छेद त्याच्या नजरेखालून गेलेला असतो. इतकं आमच्यापैकी कोण करत होतं? काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "माझी काही तक्रार नाही. निदान मला वाचून दाखवायचं थांबलं."

एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयने आपल्या यंत्रात एक सुधारणा केली. त्यानंतर ते इतकी खुशामत करायला लागलं, की कंपनीलाच लाज वाटून काही दिवसांत ती सुधारणा मागे घ्यावी लागली. ही बातमी मी अप्पांना मुद्दाम वाचून दाखवली. अप्पांचा चेहरा गंभीर झाला. बँकेतला माणूस. त्यांनी विचारलं, "म्हणजे रिव्हर्स एंट्री पडली? मग मधल्या दिवसांत कुणाकुणाचं जे कौतुक झालं, ते खात्यावर राहणार की गेलं?"

गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पा दम खायला थांबले आणि त्यांना सांगोल्याची शाखा आठवली. बाजारचा दिवस, काउंटरवर ही गर्दी. एक म्हातारा धनगर पैसे काढायला आला. पुरुषाचा अंगठा घ्यायचा तो डावा, आणि याच्या डाव्या अंगठ्याला विळा लागलेला, हे मोठं फडकं बांधलेलं. अप्पा म्हणाले, "बाबा, अंगठा बरा झाला की या." म्हातारा हलेना. त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "ह्यो घ्या की सायेब. ह्यो बी माझाच हाय." मागची रांग हसली, मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. नियमाप्रमाणे जमत नव्हतं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मेंढरं वळखत्यात मला दोनी हातांनी. तुमालाच का वळखंना?" शेवटी मॅनेजरनी दोन साक्षीदार घेऊन पैसे दिले. त्यातला एक साक्षीदार रांगेत मागे उभा असलेला म्हाताऱ्याचा भाऊबंद होता आणि दोघांची वीस वर्षं बांधाची केस चालू होती. "पण सही केली हो त्याने," अप्पा म्हणाले. "म्हणाला, माणूस वंगाळ हाय, पर त्योच हाय."

मी म्हटलं, "अप्पा, हे आजच्या आज लिहा. जसं बोललात तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल आली. शीर्षक, 'ओळख: एक अंतर्मुख करणारा अनुभव'. धनगर म्हणत होता, 'साहेब, हा देखील माझाच आहे.' मेंढरं गेली होती. बांधाची केसही गेली होती. शेवटी म्हटलं होतं, 'ही घटना आपल्याला शिकवते की माणसाची खरी ओळख अंगठ्यात नसून त्याच्या अंतःकरणात असते.'

"अप्पा, धनगर कुठे गेला?"

"आहे की. ते बघ, दुसऱ्या ओळीत. 'एक ग्रामीण खातेदार'."

"आणि भाऊबंद?"

"गणू म्हणाला, तो मूळ आशयापासून लक्ष विचलित करतो."

मी फाइल बाजूला ठेवली, अप्पांना पुन्हा जिन्यात नेलं आणि सगळं पहिल्यापासून बोलायला लावलं. ते वहीत उतरवून घेतलं आणि मी ज्यांचं काम करतो त्या एका लहानशा दिवाळी अंकाला दिलं. छापून आलं. दिवाळी अंकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे खाली लेखकाचा फोन नंबर होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन आला. माणूस सांगोल्याकडचा. म्हणाला, "गोष्ट झ्याक हाय. पर बाजार रविवारी असतोय, तुमी बुधवार टाकलाय. आन् शेवट उगं वाढवलाय. त्यो म्हातारा पैसं घेऊन गेला तितंच संपतंय." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

अप्पा चवताळले. त्या माणसाला साहित्यातलं काय कळतं, हे त्यांनी मला सांगितलं, काकूंना सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. मग गणूकडे दाद मागितली. सगळी हकिगत टाइप केली आणि विचारलं, त्या वाचकाचं म्हणणं बरोबर आहे का? गणू म्हणाला, 'वाचकाचे निरीक्षण अगदी अचूक आहे. शेवट संक्षिप्त केल्यास कथा अधिक प्रभावी होईल.' गणूने दगा दिला होता. त्या रात्री अप्पांनी फोन बंद करून उशाशी ठेवला, आणि सकाळी उठून माझ्याकडून एक पेन मागून नेलं. शेवट चार ओळींनी कापला. बुधवारचा रविवार केला. आणि त्या सांगोलकरांना स्वतःहून फोन करून तासभर वाद घातला. आता ते दर आठवड्याला भांडतात. भांडता यावं म्हणून दोन नवे किस्से लिहून झालेत.

अप्पा सुधारले असं मात्र समजू नका. ती भांडणं रेकॉर्ड करून त्यांचा आपोआप मजकूर करणारं एक ॲप त्यांनी कालच घेतलंय, वर्षाची वर्गणी भरून. माझं काय होणार, ही काळजीही त्यांना अजून आहेच.

तुमच्याही इमारतीत एखादे अप्पा असतील. त्यांना नवं ॲप सुचवू नका, ते त्यांना तुमच्या आधी माहीत असतं. या दिवाळीत एखादा अंक विकत घ्या, त्यातल्या एखाद्या अनोळखी लेखकाचा लेख शेवटपर्यंत वाचा आणि खाली नंबर असेल तर फोन करा. कौतुक करायलाच हवं असं नाही, त्याची सोय आता झाली आहे. 'तिसऱ्या पानावर कंटाळा आला' म्हणालात तरी चालेल. कंटाळा यायला अजून माणूसच लागतो.